दोन तोंडांचा फळा

मित्रांनो, मला दोन तोंडं आहेत आणि दोन्ही काळी आहेत. मी विद्यापीठातला एक जुना फळा. सुताराने मला लाकडी चौकटीत दोन खुंट्यांवर असं बसवलं की नुसता हात लावला तरी मी गर्रकन उलटतो. दोन विभागांना मिळून एकच फळा मंजूर झाला होता, म्हणून ही युक्ती. एका तोंडावर सर प्राचीन ग्रीक-रोमन संस्कृती शिकवत, दुसऱ्यावर बाई मानवशास्त्र शिकवत. दोन्ही विषय एकदम घेणाऱ्या मुलांनी तेव्हा वर्ग भरलेला असे. अर्धा तास देव, अर्धा तास माणसं आणि मध्ये माझी एक गिरकी. फार सुखाचे दिवस होते ते.

सरांना ग्रीक देवांची वंशावळ दरवर्षी नव्याने काढायचा कंटाळा येई. एका सुट्टीत त्यांनी ती पांढऱ्या तैलरंगाने कायमची रंगवून टाकली. बाई मात्र खडूवरच राहिल्या. पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल, लग्नाला दोन आडव्या रेघा आणि मेलेल्यावर एक तिरकी रेघ, अशी त्यांची नातेचित्रं असत. "माणसं उद्या येऊन चूक दाखवतील," त्या म्हणत. "देवांना कोण विचारतंय?"

पुढे सर निवृत्त झाले. मुलं पोटापाण्याच्या विषयांकडे गेली. वर्गात एकच मुलगी उरली. तिचे वडील म्हणायचे, "एक विषय मेलेल्यांचा, एक जिवंतांचा. पोटाचा कधी शिकणार?" हे ती हसत सांगायची.

तिच्या आईची वस्ती धरणाच्या पाण्याखाली गेली होती. माणसं चार दिशांना पांगली. कोण कुणाचं कोण, हे फक्त तिच्या आजीच्या थोरल्या बहिणीला ठाऊक होतं. तिला ती मोठी आजी म्हणायची. मोठी आजी भाच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहायची. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, पण स्वभाव कडक. तिने अट घातली, "गेलेल्यांची नावं परस्पर कागदावर चढवायची नाहीत. आधी सगळं एका जागी मांड, मला वाचून दाखव. मी हो म्हटलं की मग कागद."

म्हणून मुलगी ऐकून यायची आणि तडक माझ्यावर खडूने काढायची. असं दोन वर्षं चाललं. एका मैत्रिणीने सुचवलं, मोबाइलने फोटो तरी काढून ठेव. बाईंनी मान हलवली. "फोटो म्हणजे कागदच. शब्द दिलाय आपण." मित्रांनो, मानवशास्त्रवाल्यांची ही रीतच असते, सांगणाऱ्याचा शब्द मोडायचा नाही. मला त्या रीतीचा अभिमान होता. आता मला तिचा राग येतो.

एका शुक्रवारी चित्र पूर्ण झालं. दोनशे अकरा माणसं, त्यातल्या एकशे सत्तरांवर तिरकी रेघ. मुलीने कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, "पुसू नये." सोमवारी मोठी आजी येणार होती.

शनिवारी खोली परीक्षेसाठी दिली गेली. कचेरीतून शिपाई ओलं फडकं घेऊन आला. त्याला फळा स्वच्छ करायला सांगितलं होतं आणि तो कामाचा पक्का होता. "पुसू नये" हेही खडूनेच लिहिलेलं. त्याने आधी तेच पुसलं. मग सगळं. मग मला उलटवून त्याने देवांवरही फडकं घासलं, पण तैलरंग हलला नाही, म्हणून कोरं तोंडच पुढे करून ठेवलं. ज्या देवांची वंशावळ हजार पुस्तकांत आहे, ते राहिले. जी माणसं जगात फक्त माझ्या अंगावर होती, ती बादलीत गेली.

सोमवारी मुलगी मोठ्या आजीला हात धरून घेऊन आली. दारातच तिला मी दिसलो. बाईंनी मोठ्या आजीसाठी खुर्ची पुढे ओढली. मोठ्या आजीला काहीच दिसलं नव्हतं. खुर्चीत बसून ती म्हणाली, "हं, वाच."

मुलीने कोऱ्या फळ्यावर बोट ठेवलं.

"हे तुझे आजोबा. ह्या त्यांच्या तीन बहिणी. मधलीला दोन मुलगे..."

"बरोबर."

पाठ होतं तेवढं ती वाचत गेली. साठ-पासष्ट नावांनंतर बोट थांबलं.

"पुढे?" मोठ्या आजीने विचारलं.

"मोठी आजी, सगळं पुसलं गेलंय गं. ह्यांची धाकटी सून कोण? तू पुन्हा सांग. मी आत्ता लिहून घेते."

मोठी आजी बराच वेळ ओठ हलवत राहिली. मग म्हणाली, "अगं, तुला देऊन टाकलं ना मी? दोन वर्षं देतच होते. आता माझ्याजवळ कुठून असणार?"

महिन्याभरात तिच्यावरही तिरकी रेघ ओढायची वेळ आली, पण ओढायला तिचा गोलच उरला नव्हता. मुलगी पुन्हा विद्यापीठात आली नाही. दोन्ही विषय बंद झाले. बाई एकदा येऊन माझ्या चौकटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि गेल्या.

आता मी जिन्याखाली पडून आहे, अंगावर मोडक्या खुर्च्या आहेत. फळ्याला पुसलेली नावं आठवत नाहीत. अंगावर असतं तेवढंच त्याला वाचता येतं. माझ्या अंगावर डावीकडे खाली एक गोल राहिला आहे. खडूत खडा होता, त्याने ओरखडा उमटला. ती कुणाची आई, कुणाची सून, सांगणारं कुणी नाही.

मित्रांनो, काहीही पुसण्याआधी विचारत जा, हे दुसरीकडे कुठे आहे का? आणि कधी जिन्याखाली आलात, तर तेवढा गोल राहू द्या.