चौथ्या बादलीचा होकार

पावसाआधी घराची पन्हळ साफ करणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, असं मुकादम म्हणायचा. मुकादम हा त्याचा हुद्दा नव्हता, टोपणनाव होतं. कागदाच्या गोदामात तो साधा कारकून. पण भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी घरातली सगळी माणसं कामाला लावायचा, म्हणून गल्लीने हे नाव त्याला बहाल केलेलं. पन्हळीला मात्र त्याला दोनच माणसं लागत, एक वर आणि एक खाली.

वरच्याने शिडीवर चढून गाळ उपसायचा आणि बादलीने पाणी ओतायचं. ते पन्हळीतून वाहत घराच्या मागच्या टोकाला जाई आणि तिथल्या पाइपातून खाली बोळात पडे. बोळ असा अरुंद, की शिडी राहू द्या, जाड माणूससुद्धा आडवा होऊनच शिरायचा. वरच्याला पाइपाचं तोंड दिसत नसे. म्हणून खालच्याने बोळात उभं राहायचं, आणि वरून "आलं का गं पाणी?" अशी हाक आली की पाइपाला तोंड लावून ओरडायचं, "आलं!" तो आवाज पाइपातून चढून थेट पन्हळीत निघे. बावीस वर्षं बोळात उभी राहिली ती मुकादमाची बायको. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणे. आपणही तेच म्हणू.

गेल्या वर्षी त्या दोघांचं सकाळीच वाजलं होतं. कारण विचाराल तर ओला टॉवेल! संसारात भांडायला एवढं पुरतं. दुपारी ती बोळात उभी राहिली ती तोंड फुगवूनच. डास पायाला डसत होते. तीन बादल्या झाल्या तरी पाइपाच्या तोंडाशी ओलसुद्धा दिसेना. चौथ्या बादलीला चार थेंब टपकले. वर हाक झाली, "आलं का गं पाणी?" आणि वहिनी वैतागून ओरडली, "आलं!"

मुकादम समाधानाने खाली उतरला, शिडी भिंतीला लावून ठेवली, चहा प्यायला. पन्हळीतून पाइप खाली वळतो, त्या बाकात पाणी अडलं होतं. ते तिला ठाऊक होतं. उद्या सांगू, असं ती मनाशी म्हणाली. उद्याचे आठ दिवस झाले.

मग आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडला. पन्हळ तुंबून पाणी भिंतीवरून स्वयंपाकघरात उतरू लागलं. "पन्हळ तर साफ आहे, मग हे कुठून?" असं म्हणत मुकादम काठी घेऊन भर पावसात शिडीवर चढला. खाली शिडी धरायला त्याचा धाकटा भाऊ होता. डोळ्यांतलं पाणी पुसायला धाकट्याने एक हात सोडला, आणि तेवढ्यात शिडी घसरली. मुकादम ओट्याच्या कडेवर पडला तो पुन्हा उठला नाही.

धाकटा सरळ माणूस. ज्याने विचारलं त्याला त्याने सांगितलं, "माझा हात सुटला." खरं बोलणाऱ्याच्याच माथी सगळं येतं, ही दुनियेची रीत. त्याच्या आईने त्याच्याशी बोलणं टाकलं. धाकट्याच्या घरातून ती उठली आणि लेकीकडे राहायला गेली. तो दर आठवड्याला तिच्या दारापर्यंत जायचा आणि दार लागलेलं बघून परत यायचा. वहिनी हे सगळं बघत होती. एक शब्द तिने बोलायला हवा होता, आणि तोच ती बोलत नव्हती. वर्षभर ती गप्प राहिली. आपण किती वाईट आहोत हे तिला रोज कळत होतं, आणि रोज ती गप्प राहत होती.

यंदा पावसाला चार दिवस उरले तसा धाकटा नवी शिडी खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला.

"भावजी, पत्रेवाल्याला सांगते ना मी," वहिनी घाईने म्हणाली.

"दादाचं काम आहे. मीच करणार. तुम्ही बोळात उभ्या राहा, नेहमीसारख्या."

भर दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. धाकट्याने पन्हळीतला गाळ खरवडून खाली टाकला. कुजलेली पानं, काळी माती, चिमणीचं मोडकं घरटं. वहिनी बोळात शिरली. दोन्ही बाजूंच्या भिंती तापल्या होत्या. तिने पाइपावर तळवा ठेवला. बादली उपडी झाल्याचा आवाज वरून आला. पाइप कोरडा होता तसाच राहिला.

"आलं का पाणी, वहिनी?" धाकटा ओरडला.

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. त्याच्या आधीच पाइपातून उत्तर गेलं, "आलं!"

आवाज तिचाच होता. वैतागलेला, शेवटचा स्वर ओढलेला. कधी या डासांतून सुटते असं झालेल्या बाईचा. वहिनीने झटकन हात मागे घेतला. तिच्या तोंडून अजून एक अक्षरही निघालं नव्हतं.

"झालं मग!" वर धाकटा खुशीत म्हणाला.

"नाही आलं!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "भावजी, आलं नाही अजून!"

"अहो, आत्ता तर म्हणालात."

"पुन्हा ओता."

दुसरी बादली ओतली गेली. वहिनीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. वरून हाक आली आणि पाइप लगेच म्हणाला, "आलं!" या वेळी थोडं जोरातच. मघाशी ऐकू गेलं नसेल तर, अशा सुरात.

"थट्टा करताय का, वहिनी?" धाकटा हसला. वर्षभरात तो पहिल्यांदाच हसला असेल. "चला, उतरतो मी."

आता तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं, आणि त्यात तर तिचा हातखंडा होता. उद्या पत्रेवाल्याला बोलावून बाक मोकळा करून घेता आला असता. कुणाला काही कळलं नसतं. पण उद्याचं काय होतं हे ती एकदा बघून चुकली होती. चार दिवसांनी पन्हळ तुंबली की हाच माणूस काठी घेऊन पावसात चढणार होता, आणि शेवटपर्यंत त्याला वाटणार होतं, की पन्हळ साफ आहे, वहिनीच म्हणाल्या.

ती बोळातून बाहेर आली आणि शिडीच्या पायाशी उभी राहिली.

"तो आवाज माझा आहे, पण आत्ताचा नाही," ती म्हणाली. "गेल्या वर्षीचा आहे. तेव्हा पाणी आलं नव्हतं, भावजी. मी खोटंच सांगितलं. मला कंटाळा आला होता. तुमचा हात नंतर सुटला. त्यांना वर चढवलं ते मी."

धाकट्याने हातातली बादली पन्हळीच्या काठावरून उचलली. मग एकेक पायरी चाचपत खाली उतरला. बादलीतल्या उरलेल्या पाण्यात त्याने हात धुतले. नखांतली माती निघाली तरी धुतच राहिला.

"आईला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. मी आजच जाऊन सांगते त्यांना."

त्याने बादली बाजूला सारली. शिडीकडे बोट केलं. "चढा."

"मी?"

"बाक मोकळा करायचाय ना? वर लांब काठी ठेवली आहे. मी शिडी धरतो."

वहिनी चढली. आता याने हात सोडला तर मी कुणाला दोष देऊ, असं तिच्या मनात आलं, आणि देऊ नयेच, असंही आलं. मध्येच तिने खाली पाहिलं. धाकट्याने दोन्ही हातांनी शिडी धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, तो त्याने पुसला नाही.

पन्हळीतून काठी सरकवत तिने ती टोकाच्या बाकापर्यंत नेली आणि ढोसली. तिसऱ्या दणक्याला आत काहीतरी सुटलं. धाकट्याने भरलेली बादली वर दिली, तिने ती पन्हळीच्या काठावर टेकवल्यावर शिडी नीट बसल्याची खात्री केली, आणि मग तो बोळाकडे गेला. वहिनीने पाणी ओतलं. ते गडगडत गेलं आणि दूरच्या टोकाला दिसेनासं झालं.

खालून होकार येईना. तिने मनात शंभर मोजले.

"भावजी? आलं का?"

बोळाच्या तोंडाशी धाकटा दिसला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. चपला ओल्या होत्या.

"खाली या, वहिनी."

"पाणी आलं का पण?"

"तेच तो विचारतोय," धाकटा म्हणाला. "दादा. मी सांगितलं, तर माझं ऐकत नाही. तुम्ही सांगा."

कुणी न धरलेल्या शिडीवरून ती कशी उतरली, हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. धाकटा बाजूला सरला आणि ती बोळात शिरली. पाइपातून पाणी घळघळा पडत होतं, काळं, मग तपकिरी, मग स्वच्छ. तिच्या पावलांवरून ते वाहत गेलं. त्या आवाजाच्या आतून, वरच्या बाजूने, नेहमीची हाक आली, "आलं का गं पाणी?"

वहिनी वाकली. पाइपाला तोंड लावलं. नाकातोंडात पाणी जात होतं तरी तिने स्पष्ट सांगितलं, "आलं."

वर कुणीतरी थांबल्यासारखं झालं. बावीस वर्षांत मुकादमाने एक गोष्ट तिला कधी दोनदा विचारली नव्हती. तिने हो म्हटलं की तो शिडीवरून उतरायचा.

"नक्की ना?" पाइपातून आवाज आला.