ओळ आपोआप वळते

सासऱ्यांनी लिहिलेला मजकूर सोसायटीच्या वेबसाइटवर चढवला की प्रत्येक ओळीखाली एक रिकामी ओळ यायची. एंटर दाबलं की सुनेच्या लॅपटॉपवर ओळ संपल्याची एकच छुपी खूण पडायची, त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर दोन. तिने वेबसाइटच्या कोडमध्ये दोन्हींची एक केली आणि विषय मिटला असं धरून चालली. तरी मोबाइलवर वाक्यं अधेमधे तुटतच राहिली.

"बाबा, दर ओळीला एंटर कशाला मारता? ओळ आपोआप वळते."

"जन्मभर टायपिस्ट होतो. टाइपरायटरची घंटी वाजली की ओळ संपवायची."

"इथे कुठे घंटी वाजते?"

"मला येते ऐकू."

त्यांच्या मजकुरातले सगळे एंटर गाळायची सोय सुनेने गुपचूप करून टाकली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी वेबसाइटवरचं आपल्याच मजकुराचं पान शेवटपर्यंत वाचलं.

"छान झालंय," ते म्हणाले. "कुणी टाइप केलं?"