वहिवाटदारांचा डबा

बर्फीनं अंडी घातली. दोन, पांढरीशुभ्र, आणि वहिवाटदारांच्या पगडीच्या डब्यात. पण त्या डब्याला काहीही झालेलं नाही, असं दत्ताजीरावांनी घरात जाहीर केलं आहे. डबा माळ्यावर आहे, पगडी डब्यात आहे आणि विषय संपला आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर दत्ताजीराव ओल्या कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, मूठ पिळत होते.

"पाणी ठिबकता कामा नये," त्यांची मुलगी देवश्री म्हणाली. "पण मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे."

मूठ उघडली, गोळा राहिला. त्यांनी बोटानं टोचलं तसा तो मोडला. हात पुसून त्यांनी वहीत नोंद केली, 'ओलावा समाधानकारक', आणि खाली सही केली.

दत्ताजीराव तोलमाप खात्यात चौतीस वर्षं होते. बडोद्याभोवती छाणीपासून पादऱ्यापर्यंतच्या भाजीवाल्यांची वजनं तपासून त्यांवर शिक्के मारणं, हे त्यांचं आयुष्य. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी घरातली कुठलीही वस्तू हातात आली की ते ती आधी थोडी वरखाली करत. बर्फीलाही त्यांनी तसंच केलं होतं. बर्फी म्हणजे बिबट्या पाल. भिंतीवरची नव्हे. वीतभर लांब, पिवळी, काळ्या ठिपक्यांची, गाजरासारख्या जाड शेपटीची, आणि सगळी कागदपत्रं असलेली. ते कागद आल्या दिवशीच दत्ताजीरावांनी लॅमिनेट करून आणले होते.

पुण्याच्या घरी रंगकाम काढलंय, त्या वासानं बर्फी मरेल, म्हणून देवश्री तिला घेऊन बडोद्याला आली होती. पंधरा दिवसांसाठी, असं तिची आई प्रेमलाबाई जिन्यात सगळ्यांना सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी देवश्रीनं बर्फीच्या पोटाखाली मोबाइलचा उजेड धरला. कातडीतून दोन गुलाबीसर गोळे दिसले.

"चला," प्रेमलाबाई म्हणाल्या, "कुणीतरी आलं बाई बाळंतपणाला माहेरी."

देवश्रीनं उजेड बंद केला.

सयाजीगंजच्या डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्याभरात अंडी घातली तर ठीक. मनासारखी जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटातच धरून ठेवते, मग ती अडकतात आणि पाल दगावते. ऑपरेशन करता येतं, पण एवढ्याशा जिवाचं ऑपरेशन करताना माझ्याकडे आशेनं बघू नका, असंही ते म्हणाले. तेव्हापासून देवश्री जेवताना अर्धं लक्ष बर्फीच्या काचेच्या पेटीकडे ठेवू लागली आणि दत्ताजीरावांनी वही काढली.

अंड्यांचा डबा त्यांनीच निवडला. फरसाणाचा, पारदर्शक. आत काय चाललंय ते बाहेरून दिसायला हवं, हा खात्यातला पहिला नियम. बाजूला गोल भोक पाडलं, चार बोटं कोकोपीट भरलं, पेटीच्या उबदार बाजूला डबा ठेवला. मग तपासणी सुरू झाली. दर दोन तासांनी झाकण उघडून ओलावा, सकाळ-संध्याकाळ वाटीत बसवून वजन. प्रेमलाबाई स्वयंपाकघरात जाता-येता वाकून बघत. सोसायटीचे सेक्रेटरी किरीटभाई आईला घेऊन बघायला आले. किरीटभाईंच्या आईंनी पेटीला हात जोडले आणि मग हे काय आहे ते विचारलं.

बर्फी डब्यात जाई, एक गिरकी घेई आणि बाहेर येई. पेटीच्या कोपऱ्यात काच खरवडत बसे. खाणं तिनं सोडलं. वहीत एकसष्ट ग्रॅमचे साठ झाले, साठचे अठ्ठावन्न. सातातले चार दिवस गेले.

"बाबा, ती अशी घालणार नाही," देवश्री म्हणाली.

"का? ओलावा बरोबर आहे, ऊब बरोबर आहे."

"तुम्ही सगळे बघताय ना." ती हे काचेकडे तोंड करून बोलत होती. "तिला अंधार लागतो. आणि सारखं कुणी विचारायला यायला नको."

पालीला कुणीच काही विचारलं नव्हतं. हे दत्ताजीरावांच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते वहीत लिहिलं नाही.

डब्याला बाहेरून काळी टेप लावून बघू, असं ठरलं. टेप माझ्या मोठ्या बॅगेत असेल, असं सांगून देवश्री कॅल्शियमची भुकटी आणायला गेली. दत्ताजीरावांनी बॅग उघडली. वर स्वेटर होते. बाहेर एप्रिल होता. खाली मार्कशीटांची फाइल, कुकरची शिट्टी, आणि कोपऱ्यात एक लोकरी मोजा, ज्यात काहीतरी जड होतं.

त्यांनी मोजा हातात घेतला आणि सवयीनं वरखाली केला. दोनशे दहा ग्रॅम.

मोजा त्यांनी उघडला नाही. सहा वर्षांपूर्वी देवश्रीच्या लग्नात गौरीहरासाठी पितळेची अन्नपूर्णा घेतली, तेव्हा दुकानदाराच्या काट्यावर विश्वास न ठेवता त्यांनी ती घरी आणून पुन्हा तोलली होती. दोनशे दहा. मुलीबरोबर ती सासरी जाते आणि तिथल्या देवघरात बसते. भिंतींना रंग द्यायचाय म्हणून कुणी तिला मोज्यात घालून माहेरी आणत नाही.

मोजा होता तिथे ठेवून त्यांनी बॅग बंद केली. टेप घ्यायची राहिलीच.

मग ते स्टुलावर चढले आणि माळ्यावरून पत्र्याचा गोल डबा उतरवला. झाकणावर अजून वाचता येत होतं: वहिवाटदार, पादरा. त्यांचे आजोबा, गायकवाडी राज्यातले तालुक्याचे अधिकारी. घरातली एकमेव वस्तू, जिला पाहुण्यांना हात लावू देत नसत. आतली पगडी काढून त्यांनी एका उपड्या पातेल्यावर ठेवली. पातेलं एकदम बढती मिळाल्यासारखं दिसू लागलं. पत्रा कापायच्या कात्रीनं त्यांनी डब्याच्या अंगाला भोक पाडायला घेतलं, तेव्हा आवाजानं प्रेमलाबाई बाहेर आल्या.

"अहो. मामंजींच्या वडिलांचा डबा आहे तो."

"डब्याला काही झालेलं नाही."

"कापताय तुम्ही."

"काही झालेलं नाही," दत्ताजीराव म्हणाले आणि भोक पुरं केलं. मग गॅसची जुनी रबरी नळी उभी चिरून त्यांनी ती कापलेल्या कडेवर बसवली, सगळीकडून, बर्फीच्या पोटाला पत्रा लागू नये म्हणून. बोट फिरवून पाहिलं. पुन्हा एकदा फिरवलं.

कोकोपीट भरून डबा पेटीत गेला, पेटीवर चादर गेली, वही कपाटात गेली. बघायचं नाही, असा हुकूम निघाला. त्या दिवशी जेवताना प्रेमलाबाईंनी "बरं, मग शुभंकरराव कधी..." असं जावयांविषयी सुरू केलं, तर दत्ताजीरावांनी कढीचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं. वाढ म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या वाटीत अजून कढी होती. देवश्रीनं एकदा बाबांकडे पाहिलं आणि भात कालवला.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या सकाळी चादर सारली, तर बर्फी उबदार फरशीवर पसरली होती. कापूस काढलेल्या उशीसारखं पोट आत गेलेलं. देवश्रीनं चिमट्यानं दिलेल्या पाच अळ्या तिनं एकामागून एक खाल्ल्या. वहिवाटदारांच्या डब्यात कोकोपीट नीट उकरून पुन्हा ओढून घेतलेलं होतं आणि त्याखाली दोन अंडी होती.

देवश्रीनं ती उजेडासमोर धरली.

"रिकामी आहेत. नर नव्हताच ना."

"म्हणजे पिल्लू नाही, काही नाही," प्रेमलाबाई म्हणाल्या, "आणि त्यासाठी तो डबा..."

"ती वाचली ना, आई."

प्रेमलाबाईंनी बर्फीकडे पाहिलं, मग मुलीकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि आत जाऊन शिरा केला. बाळंतिणीला करतात तसा, तुपात भिजलेला. बर्फी शिरा खात नसल्यामुळे तो सगळा देवश्रीला मिळाला.

ती खात असताना दत्ताजीराव पगडीवरची धूळ झटकत होते.

"देवघरात डाव्या बाजूला थोडी जागा केलीय," ते पगडीकडे बघत म्हणाले. "काही ठेवायचं असलं तर."

चमचा थांबला.

"तुम्ही मोजा उघडून पाहिलात?"

"पाहिलं नाही. वजन केलं."

देवश्रीनं शिरा संपवला, आणखी मागितला आणि तोही संपवला.

संध्याकाळी दत्ताजीराव दूध घेऊन वर येत होते, तेव्हा किरीटभाईंनी जिन्यात गाठलं. तब्येतपाणी झालं, पालीच्या अंड्यांबद्दल अभिनंदन झालं, आणि मग मान जरा वाकडी करून त्यांनी देवश्रीचा मुक्काम किती दिवस ते विचारलं, "देवश्रीबेन हवे केटला दिवस रोकावानां?"

दत्ताजीरावांनी दूध घरात ठेवलं, कपाटातली वही काढली आणि मागचं कोरं पान फाडून घेतलं.

प्रति,
मा. सेक्रेटरीसाहेब, आपली सोसायटी.

विषय: फ्लॅट क्र. १०४ मधील रहिवाशांबाबत.

महोदय,
वरील फ्लॅटमध्ये खाली सही करणाराची मुलगी व एक पाल (कागदपत्रं सोबत जोडली आहेत) राहत असून दोघींच्या प्रकृती समाधानकारक आहेत. सबब विनंती की, त्या किती दिवसांसाठी आल्या, एकट्या का आल्या व परत कधी जाणार, हे तीन प्रश्न कोणत्याही सभासदानं जिन्यात, गच्चीवर, लग्नकार्यात अथवा दूधवाल्यामार्फत विचारू नयेत, असा ठराव येत्या सभेत एकमतानं मंजूर करावा. ठरावाची मुदत कायम राहावी. कळावे.

आपला विश्वासू,
दत्ताजीराव

प्रत माहितीसाठी व अंमलबजावणीसाठी: सौ. प्रेमला, स्वयंपाकघर.