विसावं नाव

संघपाल सरांना आयुष्यात फारसा कुणाचा हेवा वाटला नव्हता. साडूने खामगावात दुमजली घर बांधलं, तेव्हाही ते गृहप्रवेशाला जाऊन पोटभर जेवून आले होते. पण ज्ञानेश्वर सरांचं नाव निघालं की त्यांच्या पोटात दुखायला लागे, आणि त्या जूनमध्ये ते नाव त्यांच्याच घरात दिवसातून दहा वेळा निघत होतं.

पिंपळगाव राजाच्या कनिष्ठ महाविद्यालयात संघपाल सर पाली शिकवत आणि ज्ञानेश्वर सर आयटी. अकरावी सायन्सच्या पोरांना इंग्रजीच्या जोडीला मराठी, पाली नाहीतर आयटी, यातलं एकच काहीतरी घ्यावं लागे. आयटीच्या खोलीत पंखे होते, नवे कॉम्प्युटर होते, आणि दाराबाहेर पोरांच्या चपलांचा ढीग असे. पालीच्या खोलीत चपला बाहेर काढायची गरजच नव्हती, आणि काढल्या असत्या तरी ढीग झाला नसता. यंदा संस्थेने स्पष्ट सांगितलं होतं: पालीला वीस पोरं झाली तर विषय राहील, नाही झाली तर बंद. मग संघपाल सरांनी सोनाळ्याला जायचं, संस्थेच्या तिथल्या शाळेत, पाचवी-सहावीच्या पोरांना मिळेल ते शिकवायला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत एकोणीस नावं झाली. विसावं नाव घरातच आहे, म्हणून सर निर्धास्त होते.

ते नाव प्रेरणाचं, त्यांच्या मुलीचं. दहावीला तिला विज्ञानात अठ्ठ्याण्णव पडले होते. बंद पडलेला मिक्सर उघडायचा, परत जोडायचा आणि एक स्क्रू उरला की आईला सांगायचं, हा जास्तीचाच होता, अशी ती पोरगी. अकरावीला तिला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी असे चारही विषय हवे होते. इंग्रजी सुटत नव्हतं. राहिला सहावा, आणि तो असा हवा होता की बाकीच्या पाचांचा वेळ खाणार नाही.

"पाली घे," संघपाल सर जेवताना म्हणाले. "घरी पुस्तक उघडायचंही काम नाही. मी आहे ना."

"ज्ञानेश्वर सर म्हणतात, आधी आठवड्याचे तास मोजायचे, मग विषय निवडायचा," प्रेरणा म्हणाली. तिने एक कागद पुढे केला. त्यावर चौकटी आखून कुठल्या विषयाला किती तास लागतील ते लिहिलं होतं. अक्षर तिचं होतं, चौकटी ज्ञानेश्वर सरांच्या.

"मग त्यायच्या मोजणीत काय निघालं?"

"आयटी."

"आयटीच निघणार. दुसरं काय निघणार होतं?"

"त्यायनं नाही काढलं, बाबा. मी काढलं. ते तर म्हणाले, पालीही सोपं जाईल तुले."

संघपाल सरांनी कागद उलटा करून बाजूला ठेवला. ही पोरगी नऊ वर्षांची असताना ते तिला एसटीने लोणारला घेऊन गेले होते. तिथल्या एका दगडाजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे फिरली, तेव्हा तिने विचारलं होतं, असं काऊन होते? ते म्हणाले होते, मोठी झाली की कळेल. ती मोठी झाली, नववीत ज्ञानेश्वर सरांना तेच विचारून आली, आणि त्यांनी फळ्यावर अर्धा तास समजावून सांगितलं. घरी आल्यावर तिने तो अर्धा तास जसाच्या तसा बापाला ऐकवला होता. तेव्हापासून हे दुखणं सुरू झालं होतं, आणि पालीच्या पटसंख्येशी त्याचा काही संबंध नव्हता.

"पण पाली काऊन नको?" त्यांनी विचारलं. आवाज चढू नये म्हणून त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

प्रेरणाने आईकडे पाहिलं. छायाबाई तव्यावरची भाकर उलटत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

"मले नव्वद पडले तर लोक म्हणतील बापानं दिले," प्रेरणा म्हणाली. "अन् सत्तर पडले तर म्हणतील, बाप सर असून सत्तर. कसेही पडले तरी माह्ये नाही ना, बाबा."

हे ऐकून संघपाल सरांना अधिकच राग आला. तो प्रेरणावर नव्हता. हे पोरीला आपोआप सुचणं शक्य नाही, हे त्या माणसानेच डोक्यात भरवलं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी प्रेरणाने फॉर्म त्यांच्याकडे दिला. ऑफिसची रीत अशी होती की विषयांपुढच्या खुणा पोरांनी आधी पेन्सिलने करायच्या, पालकांनी सही करायची आणि मग पेनाने पक्क्या करायच्या. आयटीपुढे तिची पेन्सिलची खूण होती, बारीक आणि सरळ.

दुपारी शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. शेजारच्या खोलीतून ज्ञानेश्वर सरांचा आणि पोरांचा हसण्याचा आवाज येत होता. कॉम्प्युटर शिकवताना हसण्यासारखं काय असतं, हे संघपाल सरांना कधी कळलं नव्हतं. त्यांच्या तासाला पोरं शांत बसत, आणि आजवर त्यांना त्याचा अभिमान होता. त्यांनी खोडरबर काढला, ती खूण पुसली, कागदावरचा चुरा फुंकून टाकला आणि पालीपुढे निळ्या पेनाने खूण केली. खाली सही केली. यादीत विसाव्या नंबरवर प्रेरणाचं नाव लिहिलं. आपल्याला लाज वाटायला हवी, हे त्यांना कळत होतं. पण वाटला तो आनंद. पटसंख्या पूर्ण झाल्याचा थोडा, आणि त्या खोलीतून एक पोर कमी झाल्याचा जास्त.

संध्याकाळी यादी नोटीस बोर्डावर लागली. घरी प्रेरणा काही बोलली नाही. सरांनीही विषय काढला नाही. तिने अजून यादी पाहिली नसावी, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ज्ञानेश्वर सर स्वतःच्या मुलीला, रेणुकाला, घेऊन त्यांच्या टेबलाशी आले. हातात तिचा फॉर्म होता.

"सर, हिले पाली द्या," ते म्हणाले. "घरी कॉम्प्युटर, इथं कॉम्प्युटर, अन् दोन्हीकडं मीच. पोरगी म्हणते, बाबा, तुम्ही घरीच पुरे."

रेणुका हसली. "प्रेरणानं सांगितलं, सर. म्हणे बाबांच्या तासाले नीट बसलं की घरी वाचाच नाही लागत. आमच्या वर्गातल्या चौघीजणी तिच्याच सांगण्यावरून आल्या."

संघपाल सरांनी यादी पाहिली. नऊ, बारा, पंधरा, सोळा. त्या चारही पोरी आपल्या नावावर आल्या, असं ते इतके दिवस धरून चालले होते.

रेणुकाचं नाव त्यांनी एकविसावं लिहिलं. ज्ञानेश्वर सर वाकून पाहत होते. त्यांची नजर वरच्या ओळीवर थांबली.

"प्रेरणानं पाली घेतलं?"

"हाव."

"बरं झालं," ज्ञानेश्वर सर म्हणाले. "तुमच्या हाताखाली राहील." आणि रेणुकाच्या पाठीवर थाप मारून ते निघून गेले.

त्यात टोमणा नव्हता. संघपाल सरांनी तो शोधला, मागेपुढे करून शोधला, पण सापडला नाही. पोटच्या पोरीला दुसऱ्याच्या वर्गात बसवून हा माणूस हसत निघून गेला होता. त्याला हेवा करताच येत नव्हता. आणि संघपाल सरांना आता त्याचाही हेवा वाटला.

घरी आले तेव्हा प्रेरणा वह्यांना कव्हर घालत बसली होती. पाच वह्या एका बाजूला होत्या. सहावी मांडीवर होती, आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: पाली.

सर दारातच थांबले. "तू यादी पाह्यली?"

"लागली त्याच दिवशी पाह्यली." ती कव्हराची घडी बोटाने दाबत राहिली. "एकोणीस होते ना, बाबा. वीस पाह्यजे होते. तुम्ही सोनाळ्याले गेले असते, तर आई एकटी पडली असती."

"मले बोलली काऊन नाही?"

"तुम्हीच काही बोलले नाही."

छायाबाई आतून बाहेर आल्या. संघपाल सर पोरीसमोर जमिनीवर बसले. एकविसाव्या नावाचं त्यांनी सांगितलं नाही, तर फॉर्म तसाच राहणार होता. ती दोन वर्षं त्यांच्या समोरच्या बाकावर बसली असती, शांत, पाठ ताठ ठेवून. क्षणभर त्यांना ते फार हवंसं वाटलं.

"आज एक नाव आलं," ते म्हणाले. "रेणुका. एकवीस झाले."

प्रेरणाने मान वर केली. ती मनात गणित करत होती, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. "म्हणजे मी गेली, तरी वीस."

"हाव. उद्या फॉर्म बदलू. मी चूक केली, असं लिहून देतो."

तिचा चेहरा असा उजळला की गेले तीन दिवस तो किती विझलेला होता, हे त्यांना तेव्हा कळलं. ती उठली, शेल्फावरचा फोन घेतला आणि नंबर न शोधता लावला.

"हॅलो, सर? मी प्रेरणा. सर, मी येऊन राह्यली तुमच्याकडं. हो, सर. बाबानंच सांगितलं, सर."

ती बोलत बोलत अंगणात गेली. संघपाल सरांनी मांडीवर वही घेतली आणि नखाने चिठ्ठी सोडवायला सुरुवात केली. पोरीने डिंक भरपूर लावला होता. बाहेरून तिचं हसणं ऐकू येत होतं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी सर, सर. अख्खं कॉलेज त्यांना सर म्हणत होतं. ही मात्र आता कधी म्हणणार नव्हती.