उघडा हात

जीपच्या इंजिनावरचं झाकण तिने चादरीतून सोडवलं आणि पॉलिश पेपर धरलेला तिचा हात थांबला.

बाकीचे भाग तिने तीन दिवसांत घासून काढले होते. रॉकेलमध्ये भिजवायचे, तारेच्या ब्रशने खरवडायचे, मग पेपर मारायचा. गंज नाकातोंडात गेला होता. थुंकीसुद्धा तांबडी पडत होती. हे एक झाकण मात्र बाबांनी स्वतः लख्ख करून ठेवलेलं. उद्या प्रायमर मारू, म्हणाले होते. तो उद्या दवाखान्यात उजाडला. ते गेले त्यालाही आता चार महिने झाले.

त्या लख्ख पत्र्यावर दोन तळवे उमटले होते. गडद तपकिरी, बोटांसकट.

"न्याहाळतेस काय? सोयरीक जमवायचीय का त्याच्याशी?" मिस्त्रीकाका प्रायमर ढवळत म्हणाले. ते बाबांचे जुने दोस्त. मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. "मार पेपर. रविवारी जीप न्यायला भंगारवाला बोलावलाय ना वहिनींनी?"

"म्हणूनच घाई चाललीय. रंगवलेलं इंजिन बघून तरी आईचं मन बदलेल."

"वहिनींचं? तीस वर्षांत या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही त्यांनी. सवत म्हणतात या जीपला."

तिने हातमोजा काढला आणि आपला तळवा, न टेकवता, त्या ठशावर धरला. लहानपणी बाबांच्या पंजात तिच्या दोन्ही मुठी मावायच्या. हा ठसा तिच्या तळव्यापेक्षा नखभरही मोठा नव्हता.

"काका, बाबा कधी मोज्यांशिवाय..."

"छे! घासलेल्या लोखंडाला कुणी उघडा हात लावला की खेकसायचा. उद्या गंज तुझी सही करून ठेवेल, म्हणायचा. मला एकदा दारातूनच हाकललं होतं."

तिने झाकण उजेडाकडे तिरकं केलं. एका ठशात, करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी, बारीकशी रेघ कोरी राहिली होती. अंगठीएवढी.

बाबा अंगठी घालत नसत.

ठसे दोन्ही टोकांना होते, कुणीतरी झाकण मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्यासारखे. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

"आई, जरा येतेस?"

आई शेडच्या दारापर्यंत आली. "काय गं?" मग तिला झाकण दिसलं. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

मिस्त्रीकाकांनी एकदा झाकणाकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. डबा खाली ठेवला. "गॅरेज उघडंच टाकून आलोय मी," असं पुटपुटत ते निघून गेले.

"हे नाही रंगवत," मुलगी म्हणाली. "असंच ठेवू."

आई आत आली. वाटेत पसरलेले नटबोल्ट खाली न बघता चुकवत ती सरळ टायरांमागे गेली, तिथलं बुटकं स्टूल ओढून बसली आणि झाकण मांडीवर घेतलं.

"वेडी आहेस का? असले डाग त्यांना खपले असते? दे तो पेपर इकडे."

"मोजे तरी घाल."

आईने मोजे घातले. घासायला लागली. आधी चाचपडत, मग जोर लावून. मधेच थांबून तिने दंडाने डोळे पुसले, आणि पुन्हा लागली. एक तळवा गेला. दुसऱ्याची बोटं फिकी होत गेली.

"रंग हिरवाच आणू ना?" मुलीने विचारलं.

"हिरवाच." आईने पत्र्यावरची भुकटी फुंकली. "आणि मोठा डबा आण. दारांचाही पार उडालाय."