हीलियमची वामकुक्षी

"यावर तुझा काय, तुझ्या बापाचाही विश्वास बसायचा नाही," असं मामा म्हणाले, तेव्हाच भाचीने ओळखलं की आता लोणकढी येणार.

प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर ती एवढंसं तोंड करून बसली होती. उद्या परीक्षक येणार होते. नळीत वायू भरायचा, तिच्या तोंडाशी स्पीकर धरून सूर चढवत न्यायचा. ज्या सुराला नळी घुमते त्यावरून आवाजाचा वेग कळतो, आणि वेगावरून तो वायू उष्णता कशी पोटात घेतो ते. कार्बन डायऑक्साइडने शहाण्यासारखं उत्तर दिलं होतं. हीलियम मात्र हटून बसला होता, दर वेळी हवेचाच वेग सांगायचा. का, ते तिला उमगत नव्हतं. एकदा नापास झालेली. उद्या पुन्हा घसरली तर वर्ष पाण्यात. मामांचा जन्म इथेच मुलांना प्रयोग शिकवण्यात गेलेला, पण सरळ उत्तर देतील तर ते मामा कसले.

त्यांच्या विद्यार्थीदशेत म्हणे हीलियम भलता आळशी होता. एकदा त्यांनी नळी उभी केली, तोंड आढ्याकडे, गळ्यापर्यंत हीलियम भरला आणि जेवायला गेले. येऊन बघतात तर स्वारी आत निवांत पहुडलेली, वामकुक्षी घेणाऱ्या पाहुण्यासारखी. स्पीकर लावला. आवाज असा सुसाट शिरला, की विचारण्याआधीच उत्तर बाहेर. नळी घुमू लागली, मग खिडकीच्या काचा, मग कपाटातले चंबू. उन्हाचे कवडसे जमिनीवरून अलगद सुटले, पाठोपाठ मामांचं स्टूल. खाली सरांचं टक्कल चंद्रासारखं उगवलं. सरांनी हजेरी घेतली, मामांनी छताजवळून 'हजर' म्हटलं, तेही इतक्या बारीक आवाजात, की चिमणी शिरली समजून सरांनी खिडकी उघडून दिली.

भाचीचे डोळे जड झाले होते. ते तरंगणं तिला स्वतःच्या तळपायांत जाणवत होतं. अशीच ती वर वर गेली असती, पण मन कुठेतरी अडलं.

"थांब मामा. नळीचं तोंड कुठे होतं म्हणालास?"

"वर. तू कार्बन डायऑक्साइडला ठेवतेस तसंच."

ती स्टुलावरून खाली उतरली. "मग साफ खोटं. तो जड, म्हणून बुडाशी बसून राहतो. हीलियम तुझं जेवण होईपर्यंत थांबेल कशाला? भरता भरताच उडाला असणार. तुझाही आणि माझाही. नळी उलटी टांगायला हवी, मामा."