भिंगाखालची शिक्षा

जरा जवळ या. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. मी एक जुनं भिंग आहे. पितळी कडं, लाकडी मूठ आणि काचेवर एका बाजूला बारीक ओरखडा. मी अक्षर मोठं करतो, पण वाचता मला येत नाही. शब्द मोठा करायचा आणि गप्प राहायचं, एवढंच माझं शिकणं झालं. म्हणून जे सांगतो ते नुसतं पाहिलेलं आणि ऐकलेलं.

माझा जन्म वाळूतून झाला. भट्टीत वितळलो, थंड झालो, मग कुणीतरी मला मायेनं घासत बसलं. त्याचा चेहरा आठवत नाही, हात आठवतात.

उमगायला लागलं ते रायपूरच्या सदर बाजारात, यशवंतराव सराफांच्या गादीवर. तिथं माझं काम खोट शोधायचं. बाया खडा पुढे करत आणि माझ्याकडे न पाहता बाहेरच्या स्कूटरींकडे पाहत राहत. खोट निघाली की यशवंतराव खडा हळूच कागदात गुंडाळून परत देत. त्या बायांचे चेहरे पाहिले की मला वाटायचं, आपल्या नशिबी दुसरं काही पाहायचं काम असतं तर बरं झालं असतं.

पुढे राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं. दुकानात तपासायचं यंत्र आलं. यशवंतरावांनी मला आपल्या मित्राला देऊन टाकलं. हे गंगाधरराव. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांची नोकरी झाली, घर शंकर नगरला. मूळचे वर्ध्याकडचे.

त्यांच्या घरी मी बराच काळ खणात पडून होतो. सोबतीला गंजक्या किल्ल्या आणि संपलेले सेल. मला बाहेर काढायची ती त्यांची लहानगी नात, ज्ञानदा. गच्चीवर नेऊन ऊन माझ्यातून कागदावर पाडायची. एवढंसं ऊन एका ठिपक्यात गोळा झालं की कागदातून धूर निघे. एकदा तिनं आजोबांच्या पेपरला भोक पाडलं. आजोबा रागावले नाहीत. ते भोक डोळ्याला लावून म्हणाले, "यातून बातमी चांगली दिसून राहिली."

ज्ञानदा मोठी झाली, वकिलीचं शिकली आणि नव्या रायपुरात कायदा शिकवू लागली. ती लेख लिहिते. संविधानातले हक्क, कर, लोकशाही, असे तिचे विषय. घरात सगळे मराठी बोलतात. तिला सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. लेख तर इंग्रजीत.

गंगाधररावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ते म्हणत, "पोट्टी काय लिहिते ते मले एकदा वाचू द्या. डोयाचं काही कमीजास्त झालं तर राहून जाईन."

"आजोबा, वो सब इंग्लिश में है। आप बोर हो जाओगे।"

"मंग मराठीत लिही. ते वाचतो आन् मंग दवाखान्यात येतो."

मंदाकिनीआजी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "सारी उमर पार्सलवरचे पत्ते वाचले यायनं. आता संविधान वाचून राहिले."

त्याच सुमारास नागपूरच्या विनोदिनीबाईंचा फोन आला. कायद्यावरच्या नव्या लिखाणाचं मराठी पुस्तक त्या काढत होत्या. ज्ञानदानं हो म्हटलं. महिनाभर शब्दकोश उशाशी घेऊन तिनं लेख लिहिला, नागपूरला पाठवला आणि एक प्रत आजोबांच्या मांडीवर ठेवली.

दुपारची वेळ होती. गंगाधररावांनी मला धोतरानं पुसलं आणि कागदावर टेकवलं. ज्ञानदा समोर पायरीवर बसली. खडा पुढे करणाऱ्या बायांसारखीच ती रस्त्याकडे पाहत होती.

आजोबा एकेक अक्षर उचलत वाचू लागले. मध्येच थांबले. मला पुढे केलं, मागे केलं.

"अवं, इकडे ये बरं," त्यांनी आजीला हाक मारली. "आयक. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षेचा अधिकार आहे."

आजींच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. "अगो बाई. लेकरायनं काय केलं असन?"

"पुढे आयक. शिक्षेसाठी सरकार उपकर घेते."

"मारायचे बी पैसे घेतात काय?"

ज्ञानदा दोघांकडे पाहू लागली. "शिक्षा मतलब पढ़ाई ना?"

"हिंदीत, बाई," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "मराठीत ते शिक्षण. शिक्षा म्हंजे सजा."

तिनं कागद ओढून घेतला. पान उलटलं, आणखी एक उलटलं. सगळीकडे तेच असावं. तिचे कान लाल झाले. "मैंने तो भेज भी दिया। संविधान पढ़ाती हूँ और अपनी भाषा में एक शब्द ठीक नहीं। मैं मना कर देती हूँ उनको। नहीं छपवाना।"

मला सदर बाजारातले त्या बायांचे चेहरे आठवले. पुन्हा मी खोट दाखवली होती, आणि तीही या घरात.

गंगाधररावांनी कागदांसाठी हात पुढे केला. मग म्हणाले, "भिंगातून दिसली म्हणून चुकी मोठी नाही होत, पोट्टे. दे इकडे ते कागद. मले अर्धंच वाचून झालं. हे उपकर काय राहते?"

तिनं नाक पुसलं. "एक काम का नाम लेकर जो टैक्स लेते हैं। तो वो पैसा उसी काम में लगना चाहिए। मैं यही पूछती हूँ, कि जिसका हक़ है वो हिसाब माँग सकता है या नहीं।"

"पार्सलवर नाव वर्ध्याचं, तर उतरलं बी वर्ध्याले पाह्यजे," आजोबा म्हणाले.

"हव," आजी म्हणाल्या. "पण विचारणारी मी कोण? मी कुठं टॅक्स भरते?"

"आप साबुन लेती हो ना आजी? उसमें भी टैक्स है। आप भी करदाता हो।"

"दाता," आजींनी तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला. "पन्नास वर्षं या घरात कोणी म्हटलं नाही मले दाता."

ज्ञानदा हसली आणि हसता हसता थांबली. "आजोबा, पैसा पढ़ाई के नाम पे लिया, और पढ़ाई तक पहुँचा ही नहीं, तो बच्चे के लिए वो शिक्षा तो मराठीवाली ही हुई ना?"

आजोबांच्या मांडीवर मी हलू लागलो, इतके ते पोट धरून हसले. "हे लिही. सगळ्यात वर लिही."

तिनं नागपूरला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून विनोदिनीबाईंचं हसणं मलाही ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "बाकी शब्द दुरुस्त करू. पण सुरुवात तुमच्या घरातल्या या चुकीनंच करा. वाचणारा विसरणार नाही."

आजोबांनी शब्द पाळला. लेख शेवटपर्यंत वाचला आणि डोळा दाखवायला गेले. ऑपरेशन चांगलं झालं. पुस्तक आलं तेव्हा त्यांनी पहिलं पान माझ्याशिवाय वाचलं. मला आनंद झाला आणि खणातल्या किल्ल्याही आठवल्या.

त्या संध्याकाळी ज्ञानदा निघताना चप्पल घालता घालता थांबली. शब्द जुळवत, सावकाश म्हणाली, "आजोबा, ते भिंग मले देता का? तळटिपा लय बारीक राहतात."

आजी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. आजोबा नव्या डोळ्यांनी नातीकडे पाहत राहिले.

"मले," ते म्हणाले. "मले म्हणली पोट्टी." आणि त्यांनी मला तिच्या हातात दिलं.

आता मी नव्या रायपुरात तिच्या टेबलावर असतो. खिडकीतून रुंद रस्ता दिसतो, क्वचित एखादी बस. ती दुसरा मराठी लेख लिहिते आहे. एखादा शब्द अडला की आजोबांना फोन लावते, आणि दोघं भांडतात ते मराठीत.

तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. कुणी कशाच्या नावानं काही मागितलं, तर ते नाव जवळून पाहा आणि विचारा. एकट्यानं विचारलेलं कोवळ्या उन्हासारखं असतं, पण पुष्कळांचं एका जागी आलं की कागद तापतो, हे मी गच्चीवर पाहिलंय. आणि हो, मला खिडकीत तिच्या या नव्या लेखावर ठेवून जाऊ नका. दुपारी ऊन येतं इथं.